पाचपैकी पाच

नितेश, काल तुझी शोकसभा झाली. अंधांना वाचून दाखवणाऱ्या आपल्या संस्थेच्या त्याच हॉलमध्ये, जिथे पंखा चालू ठेवला तर माइकवरचं ऐकू येत नाही. तुझी वाचक मी, लेखनिकही मीच, म्हणून पहिलं मला बोलायला लावलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, नितेश हुशार होता, जिद्दी होता, शेवटपर्यंत हसतमुख होता. सगळ्यांनी माना हलवल्या. तू असतास तर विचारलं असतंस, काकू, हे कोणाबद्दल चाललंय? हसतमुख तू कधीच नव्हतास. आणि शेवटची दोन वर्षं तर तू मुळात कोणाशी फारसं बोलतही नव्हतास. त्याचं कारण त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. ते मी तिथे सांगितलं नाही, आणि खाली बसल्यावर कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो घेतला.

चार वर्षांपूर्वी संस्थेतून फोन आला होता, की वाघोलीला एक जण आहे, तिशीचा, बी.एस्सी. करतोय, त्याला वाचक हवा आहे आणि परीक्षेला लेखनिकही. मी म्हटलं, मला फिजिक्सचं ओ की ठो कळत नाही, मी बी.कॉम. आणि जन्मभर बँकेत. तिकडून म्हणाले, म्हणूनच तर तुम्हाला विचारतोय, लेखनिकाला विषय येता कामा नये असा नियमच आहे. कसब्यातून वाघोली म्हणजे दोन बस आणि दीड तास. मी एकटी राहते, दिवस मोठा असतो. आले.

तू मूळचा यवतमाळकडचा. लहानपणापासून साखर, रोज इन्सुलिन. कॉलेज अर्धं टाकून तू रांजणगावला कारखान्यात तपासणीला लागला होतास, सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते बघायला. मग डोळ्यांचे पडदे गेले, आठ महिन्यांत दोन्ही, आणि नोकरी गेली. तुझी ताई प्रणाली इथे आयटीत. तिच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तू राहायला आलास आणि सोडलेल्या वर्गात पुन्हा नाव घातलंस. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, एवढं करून करणार काय? तू म्हणालास, "पूर्ण करणार." मी म्हटलं, आणि मग? तू म्हणालास, मग ते पूर्ण झालेलं असेल. पुण्याच्या माणसाला असं उत्तर देणारा मला बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

आपलं पहिलं खरं भांडण झालं ते गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावर. प्रश्न असा होता, की एक दांडी आहे आणि तिच्याच रेषेत थोड्या अंतरावर एक मणी आहे, तर दांडी मण्याला किती जोरानं ओढेल? मी प्रश्न वाचला आणि न मागता मतही दिलं, की दांडीचं सगळं वस्तुमान तिच्या मध्यावर आहे असं धरायचं, सूत्रात घालायचं, संपलं. तू म्हणालास, नाही. मी म्हटलं, अरे, सरासरी म्हणून काही असतं की नाही?

तू रागावला नाहीस. स्टीलची पट्टी मागून घेतलीस, बोटांनी खुणा मोजल्यास आणि सांगितलंस, दांडीचं जवळचं टोक मण्यापासून एक अंतरावर, लांबचं तीनवर, मध्य दोनवर. तुमच्या हिशोबानं दोनाचा वर्ग चार, म्हणून उत्तर पाव. मग मला दांडी दोन तुकड्यांत कापायला लावलीस आणि प्रत्येक तुकडा त्याच्या स्वतःच्या मध्यावर ठेवायला लावलास. मी कॅल्क्युलेटरवर केलं. पॉइंट पंचवीसच्या जागी पॉइंट तीस आलं. चार तुकडे केले, पॉइंट बत्तीस. आठ केले, पॉइंट तेहेतीस. मला वाटलं मी कुठेतरी चुकतेय, म्हणून पुन्हा केलं. तू शांतपणे बसून होतास. म्हणालास, जवळच्या टोकामुळे जेवढी ओढ वाढते तेवढी लांबच्या टोकामुळे घटत नाही, म्हणून मध्य धरला की फसायला होतं. तुकडे आणखी लहान करत जा, शेवटी तुकडा म्हणजे नुसता ठिपका उरेल, आणि बेरीज बरोबर एक तृतीयांशावर जाऊन टेकेल. सगळ्या ठिपक्यांची बेरीज एका दमात करायची रीत म्हणजे इंटिग्रेशन.

एकसष्टाव्या वर्षी मला कोणी काही नवीन शिकवेल असं मी धरलं नव्हतं. त्या दिवशी परत जाताना बसमध्ये मी तिकिटाच्या मागे सोळा तुकड्यांची बेरीज करत होते. हे तुला सांगितलं तेव्हा तू हसलास. तो एक दिवस हसतमुखात धरायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात कड्याचा प्रश्न आला. गोल कडं, आणि त्याच्या मध्यासमोर, थोडा वर, मणी. मी माझी भरतकामाची लाकडी रिंग आणली, तिच्या कडेला बारा दोरे बांधले, सगळ्यांची टोकं एका मण्यात ओवली आणि ते तुझ्या हातात दिलं. तू मणी वर धरलास आणि एकेका दोऱ्यावरून बोट फिरवलंस. समोरासमोरचे दोन दोरे मण्याला बाजूला ओढतात, एक इकडे, एक तिकडे, त्यामुळे बाजूची ओढ एकमेकांत जिरते आणि फक्त सरळ मध्याकडे जाणारी ओढ उरते. तेव्हा नुसती बेरीज करायची नाही, प्रत्येक तुकड्याच्या ओढीतला सरळ जाणारा हिस्सा तेवढा घ्यायचा. उत्तर तपासायची खूणही तू दिलीस. मणी अगदी कड्याच्या मध्यावर नेऊन ठेवा, तिथे चहूबाजूंनी सारखीच ओढ, म्हणून उत्तर शून्य आलंच पाहिजे. नाही आलं तर तुम्ही तो हिस्सा घ्यायला विसरलात.

मी ते पाठ केलं. विषय न येणारी म्हणून मला निवडलं होतं, आणि तूच मला तो शिकवलास.

पहिल्या परीक्षा नीट पार पडल्या. मी तू सांगितलेलं शब्दाला शब्द लिहिलं. मग दुसऱ्या वर्षाचा तो पेपर. आपल्याला वेगळी खोली दिली होती, दाराशी पर्यवेक्षक बाई, आत आपण दोघं. दांडीचा प्रश्न तू सुंदर सांगितलास, एकही शब्द मागे घेतला नाहीस. दोन तास झाल्यावर तुझा आवाज खाली जायला लागला. मानेवर घाम दिसत होता. मी पिशवीतली बिस्किटं तुझ्या हातात दिली, तू दोन खाल्लीस आणि म्हणालास, पुढचा वाचा. पुढचा कड्याचा होता, पाच गुणांचा.

तू सांगितलंस, कड्याचा प्रत्येक तुकडा मण्यापासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणून सगळ्यांची बेरीज सरळ करता येते. आणि सरळ बेरीज केलीस. सरळ जाणारा हिस्सा घेतलाच नाहीस. उत्तर सांगून म्हणालास, पुढचा.

माझा पेन कागदावर होता. मनातल्या मनात मी मणी मध्यावर नेऊन ठेवला. शून्य येत नव्हतं. मला वाटलं, ही चूक याची नाही, साखरेची आहे. तिनं याचे डोळे घेतले, आता हे पाच गुणही घेतेय. एवढंच वाटलं, आणि मी शेवटच्या चार ओळी तू शिकवल्या होत्यास तशा लिहिल्या. तू सांगितलेल्या नाही. पर्यवेक्षक बाई दाराबाहेर बघत होत्या. शेवटी परत वाचून दाखवायला वेळ उरला नाही. मला त्याचं बरं वाटलं.

घरी येऊन तू जेवलास, झोपलास, आणि संध्याकाळी मला फोन केलास. "काकू, कड्याचं चुकलं. मध्यावर ठेवून बघितलं, बल उरतं." मी म्हटलं, जाऊ दे, पाचच गुण. तू म्हणालास, हो, जाऊ दे. तू खरंच सोडून दिलं होतंस. माणूस चुकतो, त्याचे गुण जातात, यात तुला काही वावगं वाटत नव्हतं. उलट तेच तुला हवं होतं.

निकाल लागला तेव्हा पंच्याहत्तरपैकी अठ्ठावन्न. प्रणालीनं पेढे आणले. तू पेढा हातात धरून बसलास. काय काय सोडलं होतं ते तुला पाठ होतं. ते वजा, कड्याचे वजा, जास्तीत जास्त चौपन्न, फार तर पंचावन्न. अठ्ठावन्न कसे? मी म्हटलं, दिले असतील कुठे जास्त. तू म्हणालास, कुठे ते बघू, आणि उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज केलास. तो अर्जही मीच लिहिला, कारण तुझी लेखनिक मी होते.

फोटोकॉपी आली ती दुपार मला लख्ख आठवते. प्रणाली ऑफिसला गेली होती. तू कागद टेबलावर सरळ करून ठेवले होतेस, कडेला कड जुळवून. म्हणालास, कड्याचं पान काढा आणि जसंच्या तसं वाचा. मी पान काढलं. समोर माझंच अक्षर होतं, त्यातल्या चार ओळी तुझ्या नव्हत्या. नितेश, मी त्या वाचल्या नाहीत. परीक्षेत तू जे सांगितलं होतंस ते वाचलं, चुकीचं, शेवटच्या उत्तरापर्यंत. मला ते पाठ होतं.

"आणि बाजूला गुण किती?"

"पाच."

"पाचपैकी?"

"हो."

तू उरलेल्या कागदांच्या कडा पुन्हा जुळवल्यास. खालून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणालास, "म्हणजे वाचलंच नाही त्यांनी." मी म्हटलं, अरे, नजरचुकीनं झालं असेल एखाद्याच्या. तू म्हणालास, वर लिहिलेलं असतं ना, लेखनिकानं लिहिलेला पेपर म्हणून. आंधळा आहे, टाका पाच. मी म्हटलं, एका प्रश्नावरून असं नको ठरवू. तेव्हा तू चिडलास, आणि चिडलास की तुझं यवतमाळ वर यायचं. "काहून नको? एका जागी न वाचता गुण दिले, हे कळलं. बाकीचं वाचूनच दिले याला पुरावा काय? दांडीचे कशावरून माझे? मागच्या वर्षीचे कशावरून?"

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते चार ओळींचं मी केलंय, तपासणाऱ्यानं नीट वाचलं आणि नीटच गुण दिले. एवढंच. तू मला घरातून काढलं असतंस, पुन्हा तोंड पाहिलं नसतंस, पण दांडी तुझी राहिली असती. मी म्हटलं, चहा करू का?

नंतर मी स्वतःला सांगत राहिले, की बोलले तर गैरप्रकार म्हणून तुझा निकाल रद्द होईल. हे खरंही होतं. पण हे कारण मी नंतर शोधलं. त्या दुपारी मला फक्त भीती वाटली होती, की तू माझ्याकडे तोंड करून, मला न बघता, गप्प बसशील.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्म तू भरला नाहीस. प्रणालीला सांगितलंस, बरं वाटत नाही, पुढच्या वर्षी बघू. मला काही सांगायची तुला गरज वाटली नाही, मला माहीतच होतं. तरी मी यायची. पुस्तक उघडायची. तू म्हणायचास, पेपर वाचा, क्रिकेटचं पान. गोळ्याचं गणित आपलं राहून गेलं होतं. दांडीला मध्य चालत नाही, मग एवढ्या मोठ्या पृथ्वीला कसा चालतो, तिचं सगळं वस्तुमान मध्यावर धरून उत्तर बरोबर कसं येतं, हे मी तुला चिडवून विचारलं होतं आणि तू म्हणाला होतास, तिसऱ्या वर्षात करू, सगळ्यात भारी तेच आहे. एकदा मी तो विषय काढला. तू म्हणालास, तुम्ही वाचून घ्या ना काकू, तुम्हाला येतं आता. मी वाचून बघितलं. गोळ्याची कडी कडी करून बेरीज करायची इथपर्यंत येते आणि पुढे अडते. ते कोणाला विचारणार?

मग मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. प्रणालीला दर वेळी रजा मिळत नव्हती, म्हणून मंगळवारी मी असायची. तू डावा हात लांब करून पडलेला, मशीनचा आवाज, आणि मी शेजारी स्टुलावर. एका मंगळवारी मी ठरवून आले होते. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं. तुझी चादर नीट केली आणि म्हटलं, नितेश, तो पेपर होता ना कड्याचा... तू मान न हलवता म्हणालास, "तो विषय नको, काकू." तुझ्या आवाजात राग नव्हता. दमलेला होतास.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात अडतोय, पण तेच वाटलं. तू स्वतःच नको म्हणालास, आता माझा काय दोष, असं म्हणत मी त्या दिवशी घरी गेले आणि पोटभर जेवले. पुढे तू अकरा महिने जगलास. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मंगळवार. मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

तू गेलास त्याला आज बावीस दिवस झाले. सकाळी साडेअकराला, दवाखान्यात, प्रणाली फॉर्मवर सही करायला खाली गेली होती तेवढ्यात. मी नव्हते. शनिवार होता.

कालच्या सभेनंतर प्रणालीनं माझे हात धरले आणि म्हणाली, काकू, तुम्ही नसता तर तो इतका शिकला नसता. ते ऐकल्यावर मला सांगितल्याशिवाय राहवेना. आज सकाळी ती फोटोकॉपी घेऊन मी वाघोलीला गेले. तू ती मला फेकून द्यायला सांगितली होतीस. मी माझ्या कपाटात ठेवली होती. प्रणालीसमोर कागद ठेवले आणि सगळं सांगितलं. पेपर, चार ओळी, ती दुपार, मी खोटं काय वाचलं ते. ती इंजिनिअर आहे, तिला कड्याचं पान समजावून सांगावं लागलं नाही. ते तिनं दोनदा वाचलं. मग पहिल्या पानापासून गुणांवर बोट ठेवत ती बेरीज करत गेली.

"बाकीचे त्रेपन्न," ती म्हणाली. "हे सगळं त्यानं सांगितलेलं?"

"शब्दाला शब्द."

"म्हणजे या पाचांशिवायही फर्स्ट क्लास."

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "त्यानं मला विचारलं होतं, काकू. त्याच रात्री. ताई, तू एकदा वाच म्हणाला. मी म्हटलं, काकूंनी वाचलंय ना, मला उद्या ऑफिसात रिलीज आहे."

नितेश, हे मला माहीत नव्हतं. तू दुसऱ्यांदा वाचून घ्यायला निघाला होतास. म्हणजे तुला माझी शंका आली होती, की फक्त तपासणाऱ्याची खात्री करून घ्यायची होती? प्रणालीलाही ते सांगता येत नाही. आणि तिला आता जन्मभर तेच विचारत बसावं लागणार आहे, कारण मला सकाळी सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

मी उठले. तिनं अडवलं नाही. दाराशी येऊन म्हणाली, "कागद राहू द्या इथे. आणि काकू, तुम्ही आता नका येत जाऊ." अगदी नीट बोलली, लिफ्ट बोलावून दिली.

मला वाटलं होतं, सांगितलं की निम्मं तरी उतरेल. तसं नाही झालं. माझ्याकडचं काही कमी झालं नाही, आणि तिच्याकडेही आता तेवढंच आहे.